होमो रिडिक्युलस यांची सीताफळं

मला लॅटिन येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सव्वीस वर्षं मी बीडच्या पोरापोरींना त्याच भाषेतले शब्द शिकवत आले आणि कुणाला तसा संशय येऊ दिला नाही. जीवशास्त्राच्या बाईला लॅटिन लागतं ते एवढंच. आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका, सीताफळ म्हणजे अनोना स्क्वामोसा, आणि आपण सगळे, मागच्या बाकावर झोपलेले धरून, होमो सेपियन्स. सेपियन्स म्हणजे शहाणा. हा शब्द सांगताना मी दरवर्षी वर्गावरून एक नजर फिरवायचे आणि कुणातरी एकावर ती थांबवून म्हणायचे, "नाव ठेवणाऱ्यानं आपलं बीड पाहिलेलं नव्हतं." वर्ग हसायचा. ज्याच्यावर नजर थांबलेली असायची तो वही चाळायला लागायचा.

माझी जीभ धारेची आहे. आई म्हणायची, "हिची जीभ म्हंजी विळी, भाजी सोडून समदं चिरती." मला ते कौतुक वाटायचं. वर्गात पोरं माझ्या तासाला गर्दी करायची, इतर तासांना दांडी मारणारीसुद्धा यायची, आणि मी समजायचे की माझं शिकवणं चांगलं आहे. शिकवणं बरं होतंच. पण ती यायची ती आज कुणाची फजिती होते ते बघायला. आपला नंबर लागला नाही म्हणजे झालं.

अकरावीला शास्त्रीय नावांचा धडा संपला की मी वर्गात बारसं करते. करायचे, असं म्हणायला हवं. खेळ सोपा होता. प्रत्येकानं घरातल्या एका माणसाला लॅटिन नाव ठेवायचं. पहिला शब्द होमो, दुसरा मोबाईलवरच्या लॅटिन कोशातून हुडकून आणायचा, त्या माणसाच्या स्वभावाला साजेल असा. चिठ्ठीवर ते नाव आणि नातं लिहायचं, स्वतःचं नाव लिहायचं नाही, आणि चिठ्ठी माझ्या जुन्या जेवणाच्या डब्यात टाकायची. मग मी एकेक चिठ्ठी काढून वाचणार आणि वर्गानं अर्थ ओळखायचा. कुणाला आला नाही तर मी सांगणार. मी सांगितलं की विषय संपला.

त्याआधी थोडं व्याकरणही सांगायचे, जेवढं मला माहीत आहे तेवढं. लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. शेवटी अस आलं की तो, आ आलं की ती, अम आलं की ते. हे मराठी मुलांना एका दमात कळतं. काळा, काळी, काळं. इंग्रजी माध्यमातून आलेली दोन-चार पोरं तेवढी तोंडाकडे बघत बसतात आणि त्या दिवशी आमच्या खेड्यातल्या पोरांची मान ताठ होते. माझ्या शिकवण्यातली ही एक गोष्ट मला अजूनही आवडते.

गेल्या सीताफळांच्या दिवसांतलं बारसं. डबा चिठ्ठ्यांनी भरलेला. पहिली निघाली होमो मोबाइलिस, भाऊ. लॅटिनमध्ये मोबाइलिस म्हणजे हलता, चंचल, पण वर्गाला ते सांगायची गरज पडली नाही, सगळ्यांच्या घरी तो भाऊ होता. मग होमो फ्युरिओसस, म्हणजे भडक डोक्याचा, आजोबा. मग एक झोपाळू काका. वर्ग तापत चालला होता, मीही. पाचवी की सहावी चिठ्ठी निघाली. जांभळ्या शाईत, गोल अक्षरात, देवनागरीत लिहिलेलं: होमो रिडिक्युलस. खाली, आमचे अब्बा.

वर्गात अब्बा म्हणणारी सहा-सात पोरं होती, पण मी ते नाव वाचलं आणि सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ नेकनूरहून येणारी एक मुलगी बसायची. तिचे वडील बीडच्या स्टँडासमोर फळांचा गाडा लावतात. त्यांना ओळखत नाही असा माणूस बीडमध्ये सापडणं अवघड. कपाळावर एका काचेचा गॉगल, टोपी उलटी, आणि तोंडानं बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळांची अखंड हाळी. "शंभर डोळं, एक बी न्हाई चष्मा! घ्या हो सायेब, बालाघाटचा करिश्मा!" स्टँडावरच्या घोषणेची नक्कल तर अशी करायचे की लोक खरंच फलाटाकडे पळायचे. "नेकनूरला जाणारी बस लागलेली हाय, सीताफळ घेतल्याबिगर कुणीबी चढू नये." नारायणगडाच्या जत्रेतसुद्धा गाडा घेऊन जायचे आणि तिथंही गाड्याभोवती रिंगण पडायचं. मी दरवर्षी त्यांच्याकडूनच फळं घेत आले.

मी चिठ्ठी हातात धरून म्हणाले, "वा. आज पहिल्यांदा कुणीतरी घरच्या माणसाची अचूक पारख केली. रिडिक्युलस. अर्थ सांगायलाच नको. हास्यास्पद!"

वर्ग कोसळला. मीही हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. चष्मा काढून डोळे पुसले.

ती मुलगी उभी राहिली होती. "मॅडम, तसं न्हाई," ती म्हणत होती. "त्याचा अर्थ तसा न्हाई हाय."

"बस खाली," मी म्हणाले. "लॅटिन मला शिकवू नकोस."

ती बसली. मी पुढची चिठ्ठी काढली. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात आली नाही.

पहिले दोन दिवस मी हजेरी घेताना तिच्या नंबरावर फुली मारून पुढे गेले. तिसऱ्या दिवशी मला तो नंबर टोचायला लागला. नेकनूरहून येणाऱ्या इतर मुलींना विचारलं तर त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "घरीच हाय, मॅडम. कॉलेज सोडलं म्हंती." सोडलं? एका शब्दावरून? मी मनात म्हटलं, आजकालची पोरं फारच नाजूक, आमच्या वेळी सर छडी मारायचे तरी आम्ही दुसऱ्या दिवशी हजर. असं बरंच काही म्हटलं. पण घरी आल्यावर बसवेना. धुतलेला डबा पुन्हा धुतला. गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे ओलेच खाली आणले. शेवटी चहा टाकला, आणि तो उतू जात असताना मी मोबाईलवर लॅटिन कोश उघडून बसले होते.

सव्वीस वर्षांत मी हा शब्द कधी लॅटिनमध्ये पाहिलाच नव्हता. मला माहीत होता तो इंग्रजी. रोमन लिपीत दोघांच्या स्पेलिंगात एका अक्षराचा तरी फरक आहे, कुणी लक्ष दिलं तर हाक मारून थांबवील इतपत. देवनागरीत तोही नाही. रिडिक्युलस म्हणजे रिडिक्युलस. तिनं लॅटिन लिहिलं, मी इंग्रजी वाचलं, आणि दोघींच्या मधे तो एकच कागद होता.

कोशात पहिला अर्थ होता: हसू आणणारा, मजेदार, गमत्या. दुसरा: ज्याला हसावं असा, टाकाऊ, हास्यास्पद. मग नाम म्हणून वेगळी नोंद. रिडिक्युलस, तो: हसवणारा माणूस, मसखरा. रोमच्या जुन्या नाटकांत म्हणे असा एक माणूस असायचाच, लोकांना हसवून जेवणाच्या पंगतीत जागा मिळवणारा. रिडिक्युलम, ते: विनोद, कोटी. सगळं एकाच धातूतून आलेलं, ज्याचा अर्थ नुसता हसणं. कुणी कुणाला हसायचं ते धातू सांगत नाही. इंग्रजीनं शब्द उचलताना वाईट तेवढा अर्थ घेतला आणि चांगला तिथंच ठेवला, आणि मी तो अर्धा शब्द घेऊन सव्वीस वर्षं पूर्ण शब्दाच्या रुबाबात फिरत होते.

आपल्याकडे ह्या दोघांना वेगळे शब्द आहेत. हसवणारा वेगळा, हास्यास्पद वेगळा. आणि तिसरा एक आहे, त्याच्या नपुंसकलिंगाकडे मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. हसं. अमक्याचं हसं झालं. हसू आलं तर ते आपलं असतं. हसं झालं की ते गावाचं.

आता मी काय केलं ते ऐका. मी स्वतःशी भांडायला लागले. दुसरा अर्थ आहेच की कोशात! म्हणजे मी पूर्ण चूक नाही, अर्धी बरोबर आहे. वर्गात कुणाला अर्ध्या-पुऱ्याचं पडलंय? एवढ्यासाठी वर्गापुढे जाऊन मी चुकले म्हणायचं? मी आजवर फळ्यावर चुकीचं लिहिलं तरी पुसताना "तुमचं लक्ष आहे का बघत होते" म्हणणारी बाई. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण जणू माझ्यावरूनच पडली असावी. रविवार असा गेला. कपाट आवरायला काढलं आणि तसंच पसरून ठेवलं. जेवण गेलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत पिशवी घेऊन मी स्टँडावर गेले. फळं आणायची आहेत, असं स्वतःला सांगून.

गाडा होता. सीताफळांचा ढीग नीट रचलेला होता. पण आवाज नव्हता. त्यांची टोपी सरळ होती, गॉगल खिशात होता, आणि ते एका गिऱ्हाइकाला मुकाट्यानं फळं तोलून देत होते. स्टँडावरचे हॉर्न, रिक्षावाले, चहावाला सगळे आपापल्या जागी ओरडत होते, आणि मधे तेवढ्या जागी गप्प. मी इतकी वर्षं त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले होते, त्या दिवशी मला गाडा शोधावा लागला.

"भाई, आज आवाज नाही तुमचा?"

त्यांनी मला ओळखलं. "आमच्या पोरीच्या मॅडम ना तुमी. बंद केलं मॅडम ते."

"कावून?" माझ्याही तोंडून माहेरचा शब्द निघाला.

"पोरगी म्हणली, अब्बा, हाळी देऊ नका, लोक हसतेत. म्या म्हणलं, आगं हसावं म्हणूनच देतो की बेटा. तर रडाया लागली." त्यांनी तराजूचं पारडं उगाच पुसलं. "लेकरू रडतंय म्हणल्यावर काय करता. कालेजला बी जाइना झालीय. तुमीच सांगा मॅडम, काय झालं तिथं? मला तर कायच बोलंना."

मी उत्तर देण्याआधी त्यांनी ढिगाच्या एका कडेची फळं बाजूला सारली आणि खालून एक पुठ्ठा ओढून काढला. खोक्याचा, एका बाजूनं चिकट झालेला, कोपऱ्यातून फाटलेला. वर जांभळ्या स्केचपेननं, रेघ मारून, गोल अक्षरात लिहिलं होतं: होमो रिडिक्युलस यांची सीताफळं. ते अक्षर मी तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीत शंभरदा पाहिलेलं. बेडकाच्या आकृतीखाली ती अशीच रेघ मारते.

"तिनंच करून देलतं," ते म्हणाले. "म्हणली, अब्बा, तुमाला लॅटिन नाव ठेवलंय, मॅडमनं सांगितलंय. मतलब काय, तर लोकांला हसवणारा. म्या समद्या स्टँडाला दावलं. त्यो च्यावाला मला ओ रिडिक्युलस म्हणून हाक मारायलता. मग दुसऱ्या दिशी पोरगी कालेजातून आली ती सरळ गाड्यावर, अन् पुठ्ठा फाडाया लागली. म्या फाडू देला न्हाई. खाली घालून ठेवला." त्यांनी पुठ्ठ्याचा फाटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून धरला. "मॅडम, ह्याचा मतलब वाईट हाय का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. चांगला मतलब आहे भाई, पोरगी उगीच रुसलीय, उद्या पाठवून द्या. वाक्य तयार होतं. पण पुठ्ठा समोर होता.

"दोन मतलब आहेत," मी म्हणाले. "एक हसवणारा. तिनं तो लिहिला. दुसरा, ज्याला लोक नावं ठेवून हसतात तो. मी वर्गात तो दुसरा सांगितला. ती नाही म्हणत होती, तर तिला खाली बसवलं. आणि मी हसले."

ते काही वेळ फळं लावत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी पोरगी बराबर व्हती."

"हो."

"अन् तुमी तिला चूक ठरवलं."

"हो."

"मला हसायचं काय न्हाई हो मॅडम. हसतील त्यांचे दात दिसतील. कंडक्टर हसतो, हवालदार हसतो, तुमी बी हसा. पर तिला हसायचं न्हवतं. ती लई हुशार हाय." हे ते रागानं म्हणाले असते तर मला सोसलं असतं. ते मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. मग एक फळ उचलून त्यांनी माझ्या पिशवीत टाकलं. "ह्ये डोळं उघडलेलं हाय, उद्याच खा."

सीताफळाच्या सालीवरचे डोळे एकमेकांपासून सुटे व्हायला लागले, मधल्या रेघा पांढुरक्या झाल्या, की त्याचे डोळे उघडले म्हणतात. म्हणजे ते पिकायला आलं. मला ते शाळेपासून माहीत आहे. त्या दिवशी ते माझ्यावरच म्हटल्यासारखं लागलं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नेकनूरला निघाले. डोकं इतकं भिरभिरलेलं की स्टँडावर समोर लागलेल्या बसमध्ये जाऊन बसले. बस गावाबाहेर पडल्यावर कंडक्टर आला. "नेकनूर," मी म्हटलं.

"मॅडम, ही वडवणी हाय. नेकनूर त्या अंगाला ऱ्हायलं." आणि मागच्या बाईला म्हणाला, "बोर्ड वाचाया शिकलेल्या माणसालाच येत न्हाई बगा." चार लोक हसले. मी उतरले आणि उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहिले. इतर वेळी त्या कंडक्टरला मी असं उत्तर दिलं असतं की त्यानं तिकिटाचं मशीन खाली ठेवलं असतं. त्या दिवशी मी फक्त रिक्षाला हात केला. रिक्षानं परत स्टँडावर आले आणि तीनदा बोर्ड वाचून बसमध्ये चढले.

त्यांचं घर मशिदीच्या मागच्या बाजूला, हातपंपाजवळ. तिच्या आईनं पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली, आणि मॅडम घरी आल्या म्हणून घाबरून आत चहा करायला गेली. ती मुलगी पडवीत गवतावर पसरलेली फळं निवडत बसली होती. डोळे उघडलेली एकीकडे, मिटलेली एकीकडे. मला बघून उठली, सवयीनं, आणि पुन्हा बसली.

"मॅडम, तुमी कावून आलात?"

"तुला न्यायला." मग एका दमात सांगून टाकलं. "मी कोश पाहिला. माझं चुकलं. तुझा अर्थ बरोबर होता."

मला वाटलं होतं की हे ऐकून ती रडेल, किंवा हसेल, किंवा निदान वर बघेल. तिनं एक फळ उलटसुलट करून पाहिलं आणि मिटलेल्यांत ठेवलं.

"मला म्हाईत हाय माझा बरोबर व्हता," ती म्हणाली. "म्या दोनदा बघितलता. पहिलाच अर्थ हाय तो."

"मग येत का नाहीस?"

"म्या बरोबर असून काय उपेग, मॅडम? वर्गाला तर तुमचाच म्हाईत हाय." तिनं हातातलं फळ खाली ठेवलं. "त्या दिशी सुट्टी झाल्यावर आपल्या वर्गातली पोरं गाड्यावर गेलती. हास्यास्पद चाचा, हास्यास्पद चाचा म्हणून हाका मारायलते. अब्बांला तो शब्द येत न्हाई. त्यांला वाटलं त्यांचं कौतुकच चाललंय. ते बी त्यांच्यासंगं हसायलते. जी चाचा, बोला, म्हणून."

मला ते दिसलं. उलटी टोपी, एका काचेचा गॉगल, आणि माझा शब्द हौसेनं अंगावर घेऊन हसणारा माणूस. मला लाज वाटली. लाज हा शब्द मी वर्गात फार वापरते, पण तो कसा लागतो ते मला तिथं पडवीत कळलं.

"तुमी हितं येऊन चूक म्हणलात, ते मला एकटीला कळलं," ती म्हणाली. "हसला व्हतात साठ जणांपुढं."

"मग?"

"तिथंच म्हणा."

आणि मी म्हणाले, "बघू."

हो, असंच म्हणाले. आमच्या पेशातला सगळ्यात बेरकी शब्द. बघू म्हणजे नाही, पण आत्ता नाही म्हणत नाही. तिनं मान खाली घातली आणि फळं निवडायला लागली. तिलाही त्याचा अर्थ माहीत होता, आणि ह्या शब्दाला कोश लागत नाही. तिच्या आईचा चहा मी घशाखाली ढकलला आणि परतीची बस धरली. बरोबर बस.

मंगळवारी मी वर्गात गेले, पेशीविभाजन शिकवलं, आणि बाहेर आले. खिडकीजवळची जागा रिकामी होती. तास कधी नव्हे इतका शांत झाला, कारण मी कुणावरही एक अक्षर बोलले नाही. स्टाफरूममध्ये बसवेना म्हणून व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. शिपाई दोनदा विचारून गेला, मॅडम, काही हरवलंय का.

बुधवारी मात्र खडू हातात घेतला आणि हजेरीच्या आधीच फळ्यावर तीन शब्द लिहिले. रिडिक्युलस. रिडिक्युला. रिडिक्युलम. वळले तेव्हा खिडकीजवळची जागा रिकामीच होती. ती असती तर तिच्याकडे बघून बोलले असते, निदान एक तोंड ओळखीचं. आता फक्त साठ जण होते. खरं सांगायचं तर तेव्हाही एकदा वाटलं, ती नाही तर आज कशाला?

"बारशाच्या दिवशी मी एका शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला," मी म्हणाले. "रिडिक्युलस म्हणजे आधी हसवणारा. जो चार लोकांना हसवतो, तो. तुमच्या वर्गातल्या मुलीनं तेच लिहिलं होतं आणि तेच बरोबर होतं. तिनं उठून सांगितलं, मी तिला खाली बसवलं. मला लॅटिन येत नाही. सव्वीस वर्षं शिकवतेय आणि कोश न बघता बोलले, उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि तुम्ही स्टँडावर जाऊन जे म्हणालात तो शब्द तुम्हाला मी दिला होता. तो मी परत घेते. पुन्हा तो कुणाच्या वडिलांना म्हणायचा नाही."

साठ जणांना एकाच वेळी काय करावं ते न समजणं मी पहिल्यांदा पाहिलं. मग मागून, दबक्या पण नीट ऐकू येईल अशा आवाजात कुणीतरी म्हणालं, "मंग आता मॅडम कोण? रिडिक्युला?"

मग वर्ग फुटला. बाक बडवले गेले. मी चष्म्यातून बघत उभी राहिले, कान तापलेले, आणि सवयीनं माझी जीभ उत्तर हुडकायला लागली. धारेचं एक उत्तर तिला सापडलंही. ते मी गिळलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "स्त्रीलिंगी. शेवटी आ."

मग जास्तच हसले. मी हजेरी घेतली. तिच्या नंबरावर आले तेव्हा कुणीतरी "गैरहजर" म्हटलं आणि हसणं थांबलं.

गुरुवारीही ती आली नाही. मला वाटलं, संपलं. चूक कबूल केली की बक्षीस मिळतं, हे आपण पोरांना सांगतो, त्याला काही आधार नाही. शुक्रवारीही तास संपेपर्यंत जागा रिकामीच. कॉलेज सुटल्यावर मी घरी जायला निघाले आणि पाय स्टँडाकडे वळले. खरेदी काही नव्हती. रविवारचं फळ अजून तसंच होतं, डोळे उघडून उघडून काळं पडलेलं, मला ते खाववलं नव्हतं.

चौकातच आवाज ऐकू आला. "बाहेरून खडबडी, आतून साय! सासूवानी दिसती, पर हाय ही माय!" पण तो त्यांचा आवाज नव्हता. गाड्यापाशी रिंगण पडलं होतं. पुठ्ठा वर लटकवलेला, फाटक्या कोपऱ्याला चिकटपट्टी. ते स्वतः बाजूला उभे राहून तोलत होते, टोपी उलटी, आणि गाड्यामागं कॉलेजची पिशवी खांद्याला लावून ती उभी होती. हाळी ती देत होती. वर्गात उत्तर देतानासुद्धा जिचा आवाज मला पुढं येऊन ऐकावा लागायचा, ती. आमच्या वर्गातली, नेकनूरहूनच येणारी दुसरी एक मुलगी शेजारीच उभी होती, म्हणजे बुधवारची बातमी कुणी पोचवली ते कळलं.

हाळी देता देता तिनं मला पाहिलं. मग एका हातात सीताफळ उंच धरून, माझ्याकडे बघत, सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल अशी ओरडली:

"सव्वीस साल शिकवलं, एक शब्द चुकला! मॅडमचा बी डोळा सीताफळासंगं उघडला!"

लोकांनी वळून मॅडम कोण ते पाहिलं. मी एकटीच पर्स घेऊन, चष्मा लावून उभी होते, ओळखायला अवघड नव्हतं. चहावाला हसला, रिक्षावाले हसले, एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. आमच्या वर्गातली पोरंही होती रिंगणात. मी एकेक तोंड बघत गेले. यातले कोण माझ्यासोबत हसतंय आणि कोण मला, ते मला सांगता येईना. सव्वीस वर्षं मी ज्यांच्यावर नजर थांबवली, ती पोरं वही चाळता चाळता हेच शोधत असणार. त्यांतल्या एकाचंही तोंड मला आठवेना.

"मॅडम, पिशवी," ती म्हणाली.

मी पिशवी पुढं केली. तिनं फळं निवडून टाकली, मिटलेल्या डोळ्यांची, तीन-चार दिवस टिकतील अशी. हाळीचा आवाज आता उतरला होता, वर्गातलाच झाला होता.

"सोमवारी प्रॅक्टिकल हाय ना, मॅडम?"

"आहे," मी म्हटलं. "वही घेऊन ये."